निगडी ते चाकण : विजेच्या गाडीच्या वाटेवर

मुलांनो, सुट्टीत पिंपरी-चिंचवडला मामाकडे किंवा आत्याकडे येणार असाल, तर अर्धा दिवस राखून ठेवा. निगडीहून चाकणला जाऊ.

निगडीच्या चौकात तुकोबा आणि शिवरायांचं भक्ती-शक्ती शिल्प आहे. ते बघून झालं की रस्त्याकडे कान द्या. काही पीएमपी बस घरघर न करता हळूच शेजारी येऊन थांबतात. या विजेच्या बस. फेब्रुवारी 2019 मध्ये पुण्याकडचं भेकराईनगर आणि इकडचं निगडी, अशा दोन आगारांतून त्या सुरू झाल्या. आता गंमत बघा. आगाराची जागा पीएमपीची. पीएमपी म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. बस आणि ड्रायव्हर खाजगी कंपनीचे, कंडक्टर पीएमपीचा, वीज महावितरणची. बस जितके किलोमीटर धावेल तितके पैसे कंपनीला. इतक्या जणांचं जमलं, तेव्हा कुठे बस धावली!

बसचं एक बरं असतं, रात्री ती आगारात परत येते. पण नाशिकला निघालेल्या मोटारीने काय करायचं? तिला वाटेतच चार्जर हवा.

निगडीच्या पुढे आकुर्डी. 1972 मध्ये आलेली बजाजची चेतक स्कूटर आजोबांना विचारा. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची! ती पेट्रोलची चेतक पुढे बंद झाली. जानेवारी 2020 मध्ये त्याच नावाची विजेची स्कूटर आली, आणि 2022 पासून ती आकुर्डीतही बनू लागली.

जुन्या चेतकला कुठलाही पेट्रोलपंप चालायचा. पंपाची नळी सगळ्या टाक्यांत जाते. चार्जरच्या टोकाला मात्र पिस्तुलासारखी 'गन' असते, आणि ती गाडीच्या खाचेत नेमकी बसावी लागते. मोटारींचं बऱ्यापैकी जमलंय. बहुतेक नव्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी 'सीसीएस-2' ही एकच गन चालते. स्कूटरींचा मात्र गोंधळ आहे. आपल्या घरी नाही का, एकाचा चार्जर दुसऱ्याच्या मोबाइलला लागत नाही म्हणून भांडणं होत? 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हलक्या गाड्यांसाठी एथर कंपनीने बनवलेली जोडणी मंजूर केली. पण सगळ्या कंपन्यांनी अजून ती घेतलेली नाही. मला तर वाटतं, चार्जर कमी असण्यापेक्षा समोर असलेला चार्जर आपल्या गाडीला न लागणं जास्त चिडवणारं!

मोशीपुढे इंद्रायणी ओलांडली की चाकण. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 मध्ये शाहिस्तेखानाशी झुंजवलेला संग्रामदुर्ग इथलाच. कांद्याचा बाजारही इथलाच. आता त्याच भागात महिंद्रा आणि मर्सिडीज विजेच्या मोटारी बांधतात. इथे एआरएआय या संस्थेचंही केंद्र आहे. वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून 1966 मध्ये ही संस्था उभी केली. गाडी रस्त्यावर यायच्या आधी तिची परीक्षा इथे होते. तुमच्या वार्षिक परीक्षेपेक्षा कडक! चार्जरसुद्धा ही संस्था तपासते.

राज्य सरकारने 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरवलंय. पुणे-नाशिक हाही राष्ट्रीय महामार्गच. म्हणजे चाकणकरांना ही सोय दारातच हवी.

हे सगळं वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, विजेच्या गाडीत पिस्टन नसतो ना? मग आमच्या पप्पांचं काय?" त्याचे वडील भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये पिस्टनची कामं करतात. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी असंच कुठलं तरी इंजिनाचं काम आहे. मी म्हटलं, घरी विचारून ये.

दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, "पप्पा म्हणाले, मशीन तेच राहील, जॉब बदलेल. चार्जरचे भाग पण करू. फक्त ड्रॉइंग आणि ऑर्डर आमच्यापर्यंत यायला पाहिजे."