यमूची क्रियापदे

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. या योगायोगामुळे कादंबरीची चर्चा बहुधा सुधारणेच्या अंगाने होते. निवेदनाचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. यमू स्वतः बोलते आहे, की तिच्या तोंडून एक पुरुष बोलतो आहे? अलीकडच्या प्रबंधांतून दुसरे उत्तर जवळजवळ गृहीत धरले जाते.

हे उत्तर इतके सोपे नाही, आणि त्याचे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मधील (१८४७) ‘मी’ला इंग्रजी क्रियापद लिंग देत नाही. मराठी निवेदिकेला ही सवलत नाही. ‘मी उठले’, ‘मी रडले’, ‘मी जाते’ असे लिहिताना लेखकाला दर वेळी स्त्रीरूप पत्करावे लागते. मालाडच्या एका महाविद्यालयात या कादंबरीतील एक प्रकरण मोठ्याने वाचणारा विद्यार्थी दोनदा ‘उठलो’ म्हणून गेला. वर्ग हसला. तो मात्र थांबला, ओळ पुन्हा वाचली आणि पुढे प्रत्येक क्रियापदाशी क्षणभर अडखळत राहिला. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या एवढ्या दीर्घ कादंबरीत हरिभाऊंनी हे अडखळणे किती काळ सांभाळले असेल, याचा विचार समीक्षेने क्वचितच केला आहे.

याला एक दुसरी बाजूही आहे. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्त्याचे लिंग सोडून देते. ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’, ‘मी सोसले’ यांतले ‘ले’ यमूचे नव्हे, कर्माचे. म्हणजे यमू जिथे साक्षी होते, तिथे वाक्य स्त्री-पुरुष दोघांचेही होऊ शकते. जिथे ती बसते, उठते, भिते, तिथेच ते तिचे एकटीचे होते. ‘शिकणे’ हे मात्र सकर्मक असूनही कर्त्याला धरून राहते. नवऱ्याकडून अक्षरे गिरवणाऱ्या यमूला ‘मी शिकले’ असेच म्हणावे लागते. (व्याकरणकार याला अपवाद म्हणतात, कादंबरीच्या वाचकाला ते इतक्या सहज सोडून देता येणार नाही.)

यमूचा आवाज सर्वत्र एकसारखा टिकतो, असे नाही. सुधारणेच्या वादाची प्रकरणे आली की वाक्ये लांबतात, क्रियापदे भाववाचक होतात आणि ‘करमणूक’च्या संपादकाची लेखणी स्पष्ट जाणवू लागते. तेथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे ठरते. पण माहेरच्या घरातली, दादाशी भांडणारी लहानगी यमू जे पाहते, त्यात पुढच्या वैधव्याची जाण असलेली लिहिती यमू फारशी ढवळाढवळ करीत नाही. अनुभवणारी आणि सांगणारी यांतले हे अंतर राखणे त्या काळच्या मराठी कादंबरीला नवे होते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधील (१८५७) यमुनेकडे निवेदक बाहेरून पाहतो, तिचे दुःख त्याच्या प्रतिपाद्याचा पुरावा असते.

रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूचे सक्तीने केशवपन होते. येथे ती कर्ता उरत नाही. जे घडते ते तिच्यावर घडते. पण ते सांगते तीच.