मामापाशीच पान संपतं

संशोधन-अनुदानाच्या प्री-प्रपोझलला दोन पानं मिळतात. माझं पहिलं पान मामातच संपतं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे भंडाऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. दिल्लीतल्या रिव्ह्यूअरला सांगावं लागतं. मग तलाव बांधणारे कोहळी येतात, त्यांनी बांधलेली पाळ येते, मालगुजारी संपवणारा 1950चा कायदा येतो, तलाव सरकारजमा होतात. पाण्यात उतरेपर्यंत शब्दमर्यादा गळ्याशी आलेली असते. प्रश्न शेवटच्या चार ओळींत कोंबायचा.

भाषा कमी पडते असं वाटून मी ती आणखी भरजरी करत गेलो. नागपूरचा एक मित्र आधी बजेट ठरवायचा, मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधायचा. मंजुरी त्यालाच मिळायची. मी त्याला हसायचो. त्यात जळणं किती होतं ते आता कबूल करायला हरकत नाही. हल्ली तर लोक टिपण यंत्राकडून लिहून घेतात. सगळ्यांना एकच वास.

यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि स्क्रीन बंद. जुना विद्यार्थी, मासेमार ढिवराचा पोरगा, टिपण लिहून आणून वाचू लागला. पहिलीच ओळ: बेशरमाची झुडपं उपटलेल्या तलावात मरळ मासळी आपसूक परत येते, की आधी पाण्यातल्या वनस्पती लावाव्या लागतात?

"अन् कोहळी?"

"सर, ते मोठ्या प्रस्तावात. इथं फक्त विचारायचं."

भंडाऱ्यातलं मनीष राजनकरांचं मंडळ ढिवरांना सोबत घेऊन अशी लागवड वर्षानुवर्षं करतंय, म्हणजे प्रश्न हवेतला नव्हता. पुढे सहा तलाव. तिनांत लागवड, तिनांत नाही. जाळ्याची भोकं किती बोटांची, तेसुद्धा लिहिलेलं. वीस वर्षांत मला ते लिहावंसं वाटलं नव्हतं.

रात्री झोप लागेना. त्या मरळीच्या ओळीत खुपत काय होतं, तर तीत मी कुठेच नव्हतो.

सकाळी त्यानं पुन्हा वाचलं. मी सांगून घालायला लावलेले 'हेरिटेज', 'इंटिग्रेटेड' सगळे उडालेले. शब्द मोजले, मर्यादेला अकरा शिल्लक. "राहू द्या सर," म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला. डॉक्टरांची मनाई होती, तरी मी लॅपटॉप ओढला, डोळे किलकिले केले आणि 'सस्टेनेबल' एवढा एक शब्द घातलाच.