वीस पट, एक पाहुणा

आमच्या शाळेत आम्ही एकाच खेळाडूविरुद्ध वीस मुलांचा बुद्धिबळाचा सामना ठेवला. पाहुणा टेबलांच्या आतून फिरतो, प्रत्येक पटावर एक चाल करून पुढे जातो. तो पुन्हा समोर आला की मुलाने आपली चाल करायची.

अडचण पट-सोंगट्यांची नव्हती. काही पालकांनी विचारले, "सर, शतरंज जायज आहे का?" उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत, हे आम्ही लपवले नाही. पैज नाही, फी नाही, जोहरच्या नमाजला खेळ थांबेल, एवढा शब्द दिला. ज्यांना पटले नाही, त्यांना आग्रह केला नाही.

मुलांना मीर सुलतान खान यांच्याविषयी सांगितले. पंजाबातला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता ठरला. मानद ग्रँडमास्टर किताब मात्र मृत्यूनंतर, २०२४ मध्ये मिळाला.

पाहुण्यांनी एकोणीस डाव जिंकले. आठवीतल्या एका मुलीने बरोबरी साधली. तिचे अब्बा नाव द्यायला तयार नव्हते. त्या दिवशी मात्र ते शेवटपर्यंत दारात उभे होते.

हरलेली मुलेही आपल्या चाली वहीत लिहून घरी घेऊन गेली. विचार करून मगच हात उचलायचा, ही सवय घरातही लावता येते.