जागल

आश्विन सरत आला की मावळात भात पिकते, आणि भात पिकू लागले की माणसांची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून टाकतो. म्हणून घराघरांतून माणसे जागलीला निघतात.

गेल्या वर्षी मी भोरहून गुंजवण्याला गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी फौजेत आहे, लडाखला. त्याच्या आईचा निरोप होता, 'गुरुजींना म्हणावं, एकदा येऊन जा.' मुक्काम पडला. रात्री वहिनी, त्यांचे म्हातारे सासरे आणि मी असे तिघे माळ्याखाली शेकोटीशी बसलो. म्हातारबोवा लगेच पेंगू लागले.

समोर काळोखात राजगड उभा होता. सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी असलेला हा डोंगर. त्याच्या माच्यांवर किती जणांनी रात्री जागून काढल्या असतील! पहारेकऱ्याला भाकर लागे, घोंगडी लागे आणि पहाटे डुलकीही लागे.

वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं फोनवर सांगत होतं, न झोपणारं इमान निघालंय म्हणून. खरं का?"

खरेच होते. या विमानात माणूस नसतो आणि पेट्रोलही नसते. पंखांवर सोलरचे पातळ पापुद्रे आणि पोटात बॅटऱ्या. एअरबस कंपनीच्या झेफिर विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २५ मीटर, आणि वजन अवघे ७५ किलो. म्हणजे भाताच्या एका पोत्याएवढे! पाच माणसे त्याला हातांवर धरून धावतात आणि सोडून देतात. दिवसा ऊन पिऊन ते वर चढते, रात्री साठवलेल्या विजेवर हळूहळू खाली सरकते. सारी मेख त्या रात्रीत आहे. बॅटरी कमी घेतली तर पहाटेपूर्वी संपते, जास्त घेतली तर वजनाने उडणेच जड होते.

"म्हंजे गडावरच्या टाक्यावानी," वहिनी म्हणाल्या. "पाऊस लाख पडू दे, टाकं केवढं, त्यावर वैशाख निघायचा."

वर्गात मला हे इतके नीट सांगता आले नसते.

२०२२ साली अमेरिकी लष्कराच्या चाचणीत झेफिर १५ जूनला ॲरिझोनातून उडाले ते ६४ दिवस जमिनीला टेकले नाही. अखेर मात्र अकस्मात कोसळले. आपल्याकडे बंगळूरच्या एन. ए. एल. प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात ११ मीटर पंखांचे, २३ किलोंचे धाकटे रूप साडेआठ तास उडवून पाहिले. संकल्प आहे तो वीस किलोमीटर उंचीवर ९० दिवस राहण्याचा; ढग आणि प्रवासी विमाने सारी खाली. उपग्रह आहेतच की, असे कोणी म्हणेल. पण टेहळणीचा उपग्रह आमच्या एस. टी.सारखा, आपल्या वेळेला येणार नि जाणार. चोराला वेळापत्रक कळले की झाले! हे विमान घारीसारखे एकाच डोंगरावर घिरट्या घालीत राहते.

१९९९च्या मे महिन्यात कारगिलजवळ बटालिक भागात घुसखोर प्रथम दिसले ते ताशी नामग्याल या मेंढपाळाला. तो आपला हरवलेला याक शोधत होता. हिवाळ्यात उंचावरची ठाणी सोडून खाली येण्याची रीत होती, आणि त्या रिकाम्या शिखरांवर परकी माणसे येऊन बसली होती. ते आठवले की वाटते, वर एक उघडा डोळा हवाच. पण नामग्यालला दिसले ते तो शोधत नसलेले. यंत्राने धाडलेल्या हजार चित्रांतून असे वेगळे काही हेरायला खाली कोणीतरी जागेच राहणार.

हे मी वहिनींना सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनीच विचारले,

"मग माझ्या पोराला रातीचं निजू देतील का हो?"

मी शेकोटीतले लाकूड उगीच पुढे सारले. ओढ्याकडच्या बाजूला काहीतरी खसफसले. म्हातारबोवा दचकून उठले आणि रॉकेलचा जुना डबा बडवू लागले. पलीकडच्या शेतातूनही कोणीतरी डबा वाजवला.

"आहेत जागे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी घोंगडी माझ्याकडे सरकवली.