वाट राखणारे

फ्रान्स म्हटले की आपल्याकडे पॅरिस आणि आयफेल टॉवर. आमचा मुलगा नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात राहतो. २०२३च्या सप्टेंबरात आम्ही दोघे पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा आमच्याही डोक्यात पॅरिसच होते. तो म्हणाला, "अब्बा, पॅरिस नंतर बघू. तुम्हां दोघांना चालायची सवय आहे. आधी इथल्या डोंगरांतून तीन दिवस चालून या." चिपळूणजवळच्या आमच्या गावात आयुष्यभर घाटीच चढलो-उतरलो. साठी ओलांडली असली तरी आम्ही हो म्हणालो.

त्या देशात पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या वाटांचे मोठे जाळे आहे. लांब पल्ल्याच्या वाटांना 'ग्रांद रांदोने' म्हणतात, थोडक्यात जी.आर. आणि पुढे क्रमांक. पहिली वाट १९४७ साली ल्वार नदीच्या काठाने आखली गेली. झाडाच्या बुंध्यावर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर दोन आडवे पट्टे दिसतात, वर पांढरा आणि खाली लाल. वाट चुकलात तर त्याच दोन रंगांची फुली समोर येते. हे पट्टे रंगवणारे लोक स्वयंसेवक असतात. आपण ज्याला कधी पाहणार नाही, त्याने आपल्यासाठी वाट राखून ठेवलेली असते. तीन दिवसांत आम्हांला नकाशा क्वचितच उघडावा लागला.

आमच्या वाटेचा क्रमांक ७०. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, या सेव्हेन डोंगरांतून बारा दिवस चालला. बरोबर मोदेस्तीन नावाची गाढवीण होती. पुढच्या वर्षी त्याने त्या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावाने आज ही वाट ओळखली जाते. अजूनही हौशी लोक गाढव भाड्याने घेऊन चालतात. आमच्या पाठीवर मात्र दोन पिशव्या होत्या आणि त्यांत एक घडीची जानमाज.

मुलाने आम्हांला शासरादेस गावी सोडले. पहिल्या दिवशी गुले डोंगराचे पाइनचे जंगल लागले. याच डोंगरात लॉत नदी उगम पावते. जुहरची वेळ झाली. मुसाफिर असल्याने कसर करून जुहर-असर एकत्र पढायची होती. गावी तोंड पश्चिमेकडे करायची सवय, इथे आग्नेयेकडे. वाट सोडून आम्ही झाडांत बरेच आत शिरलो. आधी एकाने नमाज पढावी आणि दुसऱ्याने वाटेकडे नजर ठेवावी, असे काही न बोलताच ठरले. कुणी आलेच तर खाकरायचे.

दुसऱ्या दिवशी ल ब्लेमारहून मों लोझेर चढलो. सर्वांत उंच जागा १६९९ मीटर. वर झाड नाही, नुसते गवत, जांभळा फुलोरा आणि वारा. चढाच्या कडेने उभे रोवलेले ग्रॅनाइटचे दगड दिसतात. धुक्यात आणि बर्फात वाटसरूला, मेंढपाळाला वाट सापडावी म्हणून पूर्वीच्या लोकांनी ते लावले. त्या उघड्या माळावर लपायला जागाच नव्हती. वेळ हातात होती, म्हणून थेट पलीकडच्या उतारावर जाऊन मोठ्या खडकांच्या आड नमाज पढली. पुन्हा तसेच, एक सजद्यात आणि एक पहाऱ्यावर.

संध्याकाळी तार्न नदीवरच्या पों-द-मोंव्हेर गावात पोहोचलो. मुक्काम वाटसरूंच्या निवासात होता. अशा ठिकाणी एका खोलीत चार-सहा खाटा असतात आणि रात्री सगळे एकाच टेबलाशी जेवतात. मांस चालणार नाही हे मुलाने आधीच कळवले होते. घरमालकीणबाईंनी हिरव्या मसुराचे कालवण केले होते. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, यात नारळ घातला असता तर आपलंच झालं असतं." वाइनचा जग फिरला, तो आम्ही पुढे दिला आणि पाण्याचा घेतला. कुणी काही विचारले नाही. पत्नीच्या डोक्यावर ओढणी होती. फ्रान्समध्ये २००४ पासून सरकारी शाळांत मुलींना ती घेता येत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. त्यामुळे मनात धाकधूक होतीच.

जेवणानंतर बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत गावाची हकिकत सांगू लागल्या. त्यांचे पूर्वज प्रोटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेली धर्माची मोकळीक काढून घेतली. प्रार्थनाघरे पाडली गेली. धर्मगुरूंना पंधरा दिवसांत देश सोडायला लावले आणि सामान्य लोकांना मात्र सोडायची बंदी केली. मग लोक रानात, घळीत, खडकांआड जमून प्रार्थना करू लागले. त्या सभांना ते 'वाळवंटातल्या सभा' म्हणत. जुलै १७०२मध्ये याच गावात लोकांना कोंडून छळणाऱ्या एका कॅथलिक पाद्र्याला जमावाने ठार केले आणि कामिझारांचे बंड पेटले. बंडखोरांनीही चर्चे जाळली, माणसे मारली. राजाच्या फौजेने शेकडो वाड्यावस्त्या बेचिराख केल्या. त्यांच्या जन्म-विवाह-मृत्यूची नोंद व्हायला १७८७ साल उजाडावे लागले.

"त्या सभा चालू असताना," बाई म्हणाल्या, "टेकडीवर नेहमी पहारेकरी असायचे. शिपाई दिसले की इशारा करायला."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोन दिवस आम्ही तेच करत होतो. पण आमच्या मागे कोणते शिपाई होते? आम्हांला तर कुणी हटकलेसुद्धा नव्हते. खरे सांगायचे तर ही सवय फ्रान्समध्ये लागली नव्हती, ती आम्ही घरूनच नेली होती. अलीकडे आम्ही रेल्वेच्या डब्यात बसल्या जागी मनातल्या मनात नमाज पढतो. जानमाज पिशवीतून बाहेर काढत नाही. केव्हापासून हे सुरू झाले, तेही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी फ्लोराकची लांब वाट होती. वाटेत चेस्टनटची झाडे भेटली, हिरव्या काटेरी बोंडांनी लगडलेली. याला इथे भाकरीचे झाड म्हणतात, कारण गरिबांची कित्येक पिढ्यांची भूक या फळाने भागवली. एका घराच्या परड्यात दोन-तीन जुन्या कबरी होत्या. प्रोटेस्टंटांना गावच्या कब्रस्तानात जागा मिळत नसे, म्हणून ते आपल्याच जमिनीत आपली माणसे दफन करत, असे बाईंनी सांगितले होते. कब्रस्तानच्या जागेसाठी झिजवलेले उंबरठे आपल्यापैकी कुणाला आठवणार नाहीत? आम्ही क्षणभर थांबलो.

दुपारी साप्पे खिंडीपलीकडे मोकळी जागा पाहून पत्नीने पिशवीतून जानमाज काढली. म्हणाली, "आज पहारा नको." वाटेच्या बाजूलाच, पट्टे रंगवलेल्या झाडाजवळ, आम्ही पुढे आणि ती मागे उभे राहिलो. रुकूत असताना पावले ऐकू आली आणि मध्येच थांबली. मन नमाजमधून उडाले, हे कबूल केले पाहिजे. सलाम फेरल्यावर पाहिले तर काल टेबलाशी बसलेले बेल्जियमचे म्हातारे जोडपे टोप्या हातात घेऊन थोडे दूर उभे होते. "बोंझूर," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. आम्हीही पिशव्या उचलल्या.

त्या डोंगरांनी आमचा सगळा संकोच घालवला, असा दावा आम्ही करणार नाही. परतल्यावर पहिल्याच रेल्वे प्रवासात मगरिबची वेळ झाली, तेव्हा आमचा हात पिशवीपर्यंत गेला आणि थबकला. पत्नी नुसती आमच्याकडे पाहत राहिली. मग आम्ही समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना विचारले, "दहा मिनिटं इथं नमाज पढली तर चालेल का?" ते पाय आवरून घेत म्हणाले, "पढा की. सामानाकडे मी बघतो."