सीमा आणि घर

सीमाभागातल्या माणसाला ‘सीमा’ या शब्दाचा अर्थ विचारू नये. तो तासभर बोलत राहील. मला मात्र या शब्दाचा एक निराळाच अर्थ परवा एका यंत्राने शिकवला.

हौसेला मोल नसते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने पन्नाशी उलटल्यावर संगणकावर चालणारे छोटे मिलिंग यंत्र घरी जुळवायला घेतले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बरीच थट्टा झाली. पण बेळगावात उद्यमबाग आहे आणि तिथल्या कारखान्यांत माझे जुने विद्यार्थी आहेत. सल्ल्याची वानवा नव्हती.

यंत्र जुळले, पण ते आंधळे होते. स्टेपर मोटार सांगितली तितकी पावले टाकते. खरोखर कुठे पोहोचली ते पाहत नाही. वीज गेली की आपला ठावठिकाणाही विसरते. म्हणून दोन स्विच लागतात. होम स्विच यंत्राला त्याचे घर दाखवतो. टेबल वेगाने त्याच्यापर्यंत जाते, थोडे मागे सरते आणि पुन्हा हळूच येऊन जागा पक्की करते. तिथून पुढची सारी मोजमापे. लिमिट स्विच टोकाला उभा राहून ‘बस, यापुढे नाही’ म्हणतो. घर रोज त्याच जागी सापडावे आणि सीमेने ऐनवेळी दगा देऊ नये, एवढीच अपेक्षा.

निवड करताना मात्र डोके चालवावे लागते. रोलरचा मायक्रोस्विच स्वस्त आणि सुटसुटीत, पण त्यात धातूचा चुरा शिरतो. प्रकाशकिरणावर चालणारा नेमका, पण धुळीने बिथरतो. प्रॉक्सिमिटी सेन्सर धातूला न शिवता ओळखतो आणि बंदिस्त असल्याने तेलापाण्याला बधत नाही. त्याला लोखंड ४ मिलिमीटरवरून कळत असेल, तर ॲल्युमिनियम मात्र बरेच जवळ यावे लागते. मी तोच घेतला आणि समोर लोखंडी पट्टी बसवली.

“सर, नॉर्मली क्लोज्ड घ्या,” माझा विद्यार्थी म्हणाला. अशा स्विचमधून एरवी प्रवाह वाहत असतो. सीमा आली की तुटतो. उंदराने वायर कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला, तरीही प्रवाह तुटतो आणि यंत्र थांबते. उलट प्रकारात तुटलेली वायर गप्प बसते आणि ते गप्प बसणे खुशालीसारखेच दिसते. टेबल टोकाला आदळल्यावरच कळायचे! पूर्वी गावात रात्री जागल्या हाळी देत फिरे. हाळी ऐकू येई तोवर गाव निर्धास्त झोपे. ती थांबली की जाग येई. तसेच हे.

एक पथ्य मात्र पाळावे. स्पिंडलच्या विजेचा उपद्रव होऊन यंत्र उगाचच थांबू लागले, तर ‘लांडगा आला रे’सारखी गत होते आणि माणूस कंटाळून स्विचच काढून टाकतो. म्हणून शील्ड असलेली वायर घ्यावी व ती स्पिंडलच्या वायरीपासून दूर न्यावी.

आमच्या दहावीच्या जादा तासाची ३१ मुले संध्याकाळच्या शेवटच्या बसने आसपासच्या खेड्यांत परततात. ‘काही अडचण आली तर कळवा,’ असा शाळेचा जुना शिरस्ता होता. यंदापासून तो बदलला आहे. घर मराठी असो वा कन्नड, मूल पोहोचले की पालकांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. साडेसातला मी वहीवर खुणा मोजतो. ३० भरल्या, तर एकतिसाव्या घरी फोन लावतो.