रिपोर्टनंतर

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी चारेक सेंटिमीटरची कूर्चेची गाठ आहे. कमी तीव्रतेचा काँड्रोसार्कोमा नाकारता येत नाही. बायोप्सी करून खात्री करून घ्यावी. अशा आशयाचा रिपोर्ट मी लिहिला, सही केली आणि पुढची फिल्म लावली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये हा रिपोर्ट मी सर्वांत वर ठेवते.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. त्या बाई पन्नाशीच्या होत्या, मधुमेही होत्या आणि घरून भाकऱ्या करून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. कित्येक महिने उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, स्वतःची वेणी घालता येत नव्हती, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापर्यंत आलेल्या चिठ्ठीवर फक्त ‘खांदेदुखी’ एवढंच होतं. तपासणी टेक्निशियननं केली, मी संध्याकाळी चित्रं पाहिली. बाई तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होत्या, पण मी त्यांना आत बोलावलं नाही.

चित्रात जे दिसलं ते खरं तर पाठ्यपुस्तकात छापावं इतकं नमुनेदार होतं. कूर्चेत पाणी भरपूर असतं, म्हणून एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात ती पांढरीशुभ्र चमकते. हाडाच्या पोकळीत द्राक्षाच्या घडासारखे तिचे गोल गोल भाग एकमेकांना लागून होते आणि मधूनमधून मज्जेतली चरबी शिल्लक होती. बाहेरचं कठीण कवच आतून कुठेही कुरतडलेलं नव्हतं. हाडाबाहेर काहीही नव्हतं. याला एन्काँड्रोमा म्हणतात. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी जी कूर्चा असते तिचे कण आत राहून जातात आणि त्यातून ही गाठ होते, असं पूर्वीपासून मानलं जातं. ती कर्करोग नाही. खांद्याचे नेहमीचे एमआरआय काढले तर शंभरांत साधारण दोघांच्या हाडात ती सापडते, आणि बहुतेकांना ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही.

मला हे सगळं माहीत होतं. कवच शाबूत असल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही मी काँड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, हा शब्द घातला, कारण मला भीती वाटली. उद्या काही निघालं तर ‘तुम्ही लिहिलं नव्हतं’ असं कुणी म्हणू नये, एवढाच विचार त्यामागे होता. ते वाक्य माझ्या बचावासाठी होतं. त्याचं ओझं बाईंनी उचललं.

दुसरी चूक मला जास्त छळते. मोठी गाठ दिसली की पाहणाऱ्याची नजर तिथेच थांबते, पुढचं शोधणं आपोआप बंद होतं. आमच्या शिक्षणात हे पहिल्या वर्षापासून बजावलेलं असतं. त्याच चित्रांमध्ये सांध्याची पिशवी काखेच्या बाजूला जाड झालेली होती आणि पुढच्या बाजूला स्नायूंच्या मधल्या त्रिकोणातली चरबी झाकोळलेली होती. म्हणजे खांदा जखडला होता, फ्रोझन शोल्डर. मधुमेह्यांमध्ये तो जास्त आढळतो. बाईंच्या दुखण्याचं कारण माझ्या समोर, त्याच पडद्यावर होतं. माझ्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. बायोप्सी झाली. पॅथॉलॉजिस्टनं लिहिलं की पेशी कूर्चेच्या आहेत, सौम्य की कमी तीव्रतेच्या हे चित्रांशी ताडून ठरवावं. यात त्यांची चूक नव्हती. एन्काँड्रोमा आणि कमी तीव्रतेचा काँड्रोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की अनुभवी तज्ज्ञांमध्येही मतभेद होतात. पण मी बायोप्सीकडे बोट दाखवलं होतं आणि बायोप्सीनं माझ्याकडे. हाडाला भोक पाडलेलं, म्हणून हात गळ्यात अडकवून ठेवायला सांगितला गेला. जखडलेल्या खांद्याला हालचाल हवी असते, आणि नेमकी तीच बंद झाली. भाकऱ्यांचं काम सुटलं. मुलीच्या लग्नाची बोलणी घरच्यांनी थांबवली.

शेवटी मुंबईच्या एका सर्जननं त्यांना खुर्चीवर बसवून आधी हात सगळ्या दिशांना फिरवून पाहिला आणि साधा एक्स-रे काढायला लावला. काही शे रुपयांचा एक्स-रे, जो मी पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. त्यात कूर्चेतल्या चुन्याची वलयं आणि कमानी स्पष्ट दिसत होत्या, जे एमआरआय कधीच इतकं चांगलं दाखवत नाही. गाठ आहे तशी राहू द्या, खांद्याचे व्यायाम सुरू करा, सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म, असं त्यांनी सांगितलं.

त्या पुढच्या फिल्मसाठी बाई माझ्याकडेच आल्या, म्हणून मला हे कळलं. आल्या नसत्या तर मी आजही तो रिपोर्ट चांगला समजत असते. त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं, जुनी चित्रं लावली आणि काय राहून गेलं ते बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, तवा मी भाईरच बसलेली की वो. हाक मारली असती तर हात वर करून दावला असता.”

यानंतर मी अर्नेस्ट कॉडमन यांच्याबद्दल वाचायला लागले. बॉस्टनचे हे सर्जन. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं हे डॉक्टरनं पाहिलं पाहिजे, नोंदवलं पाहिजे आणि उघड केलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून तिथल्या मोठ्या रुग्णालयाशी बिनसलं, १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. १९११ मध्ये काढलेल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे त्यांनी स्वतःच्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. खांद्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३४ चा. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यांनीच दिलं. मी ज्या दोन गोष्टींत चुकले त्या दोन्हींवर, खांद्यावर आणि हाडांच्या गाठींवर, या माणसानं आयुष्य घालवलं होतं.

एवढं वाचूनही मी आणखी एकदा चुकले. सतरा वर्षांचा, कबड्डी खेळणारा मुलगा. दंडाच्या हाडाच्या अगदी टोकाला, वाढीच्या रेषेच्या पलीकडे एक लहान गोल पोकळी, आणि भोवती मज्जेत भरपूर सूज. आपल्याकडे अशी सूज दिसली की मनात आधी क्षयरोग येतो. मी तो पहिल्या क्रमांकावर लिहिला. बायोप्सी न करताच त्याला गोळ्या सुरू झाल्या, कॉलेजचं वर्ष बुडालं. ती गाठ काँड्रोब्लास्टोमा होती. हीही कूर्चेची, हीही सौम्य, पण ही दुखते आणि भोवती सूज आणते. खरवडून काढून हाडाचा भराव घातल्यावर मुलगा बरा झाला. दंडाच्या टोकाशी होणाऱ्या नेमक्या याच गाठीचं वर्णन कॉडमन यांनी १९३१ साली केलं होतं. तिचं कूळ त्यांनाही नीट लागलं नव्हतं, ते जाफे आणि लिख्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये स्पष्ट केलं. तो मजकूर मी वाचलेला होता. आधी साधा एक्स-रे पाहिला असता तर पोकळीची बारीक, रेखीव किनार दिसली असती. तेव्हाही मी तो मागितला नाही.

आता खांद्यात कूर्चेची गाठ दिसली की मी रुग्णाला आत बोलावते. हात वर करायला, पाठीमागे न्यायला सांगते. एन्काँड्रोमा असून खांदा दुखणाऱ्यांत दहांतल्या आठांच्या दुखण्याचं कारण दुसरंच निघतं, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे, आणि ते कारण शोधणं माझंही काम आहे. जुने एक्स-रे घरात कुठेतरी पिशवीत असतातच, ते आणायला लावते. कवच आतून किती कुरतडलं आहे ते आकड्यात लिहिते, कारण जाडीच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेलं तर गोष्ट वेगळी होते. हाडाबाहेर काही वाढलेलं असेल, विश्रांतीतही दुखत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर मी काँड्रोसार्कोमा हा शब्द लिहिते आणि न कचरता लिहिते. गाठ दंडाऐवजी खांद्याच्या पात्याच्या हाडात असेल तर जास्त सावध होते. धडाजवळच्या चपट्या हाडांतली कूर्चेची गाठ साधी समजून सोडता येत नाही. उलट हातापायांच्या लांब हाडांतल्या पहिल्या श्रेणीच्या काँड्रोसार्कोमाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं वेगळं नाव देऊन मधल्या गटात ठेवलं आहे, कारण तो जागीच वाढतो, दूर सहसा पसरत नाही. हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगायला वेळ लागतो. तो वेळ मी देते.

एक वहीही ठेवली आहे. ज्यांना काँड्रोसार्कोमा हा शब्द मी दिला आणि ज्यांना दिला नाही, त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते मी फोन करून विचारते. काहींचे नंबर बदललेत, त्या ओळी कोऱ्या आहेत.

सध्या त्यात एका निवृत्त शिक्षकांचं नाव आहे. गाठ सहा सेंटिमीटरची, एका जागी कवच निम्म्याहून थोडं कमी कुरतडलेलं. दुखणं आहे ते फाटलेल्या स्नायुबंधाचं, असं मला आणि त्यांच्या सर्जनला दोघांनाही वाटतं, पण खात्रीनं सांगता येत नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. “म्हणजे तुम्हालाही माहीत नाही,” ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि पुढची फिल्म कधी काढायची ती तारीख रिपोर्टमध्येच लिहून दिली.